सेप्टिक टाकीचा मैला न्यायचा कुठे? नागपूरच्या आसपासच्या गावांसाठी मैला प्रक्रिया केंद्राचं नियोजन

नागपूरची गडर लाइन (सांडपाण्याची भूमिगत नळी) जिथे संपते, तिथून पुढे जवळपास प्रत्येक पक्क्या घराखाली एक टाकी आहे. बेसा-बेलतरोडी, गोधनीकडचे ले-आऊट, हिंगणा आणि बुटीबोरीच्या सडकेला लागून वाढलेल्या वसाहती, आणि त्यापलीकडे काटोलपासून भिवापूरपर्यंतची गावं. टाकी भरली की फोन जातो, उपसा गाडी येते, अर्ध्या-पाऊण तासात टाकी रिकामी होते आणि घरमालक पैसे देऊन मोकळा होतो. गाडीत तीन-चार हजार लिटर मैला असतो. जवळ हा मैला शुद्ध करणारं केंद्र नसेल तर तो नाल्यात, पांदण रस्त्याच्या कडेला नाहीतर कुणाच्या पडीत वावरात जातो.

नाल्यात सोडलेला मैला तिथेच राहत नाही. नाग आणि पिली नदीचं पाणी कन्हानला मिळतं, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत जाते आणि पुढे गोसीखुर्दचा जलाशय आहे. पारशिवनी-सावनेरच्या अंगाचे नाले तर कन्हानला वरच्या बाजूने मिळतात, आणि त्याच कन्हानचं पाणी नागपूरच्या नळाला येतं. म्हणून हा प्रश्न गावाचाही आहे आणि शहराचाही.

हा लेख सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, नगरपंचायतीचे अभियंते आणि ले-आऊटमधल्या रहिवासी समित्यांसाठी आहे. सुरुवात बहुतेक जण यंत्रापासून करतात: कोणतं तंत्रज्ञान, कोणती कंपनी, किती कोटी. माझं म्हणणं असं की सुरुवात गाडीच्या खेपेपासून करा. केंद्रावर येणं चालकाला नाल्यावर जाण्यापेक्षा सोपं आणि स्वस्त पडलं तरच केंद्र चालेल. जागा, वेळ, दर, क्षमता या सगळ्यांचं उत्तर या एका गोष्टीतून निघतं.

आधी टाक्या मोजा

एकट्या ग्रामपंचायतीला केंद्र परवडत नाही. पाच-सहा ग्रामपंचायतींचा, साधारण १० ते १५ किलोमीटरच्या आत बसणारा गट धरा. नकाशासाठी नागपूरलाच महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राचं कार्यालय आहे, त्याचा उपयोग करून घ्या.

मग घरोघर पाहणी करा. आशा ताई, जलसुरक्षक आणि गावातली दोन-चार शिकलेली मुलं मिळून ती होते. "टाकी आहे का?" एवढंच विचारून भागत नाही. पुढच्या गोष्टी लिहून आणा:

- टाकी खरी सेप्टिक आहे, म्हणजे तळ आणि भिंती पक्क्या, आत दोन कप्पे, की नुसता रिंग टाकून केलेला खड्डा आहे?
- टाकीतून बाहेर पडणारं पाणी कुठे जातं? शोषखड्ड्यात, नालीत की उघड्यावर?
- शेवटचा उपसा कधी झाला? "कधीच नाही" हेही उत्तर लिहायचं.
- झाकण उघडतं का? की वर फरशी बसवली, बाथरूम बांधलं?
- गाडी किती जवळ येऊ शकते? पाइप साधारण ३० मीटर पुरतो, त्यापलीकडची घरं वेगळी नोंदवा.

दोन शोषखड्ड्यांचं शौचालय ज्यांच्याकडे आहे त्यांना या हिशेबातून वगळा. त्यांनी एक खड्डा भरला की दुसरा चालू करायचा आणि पहिला किमान वर्षभर बंद ठेवायचा, आतल्या मैल्याचं खत होतं. एकच खड्डा असलेल्या घराला, जागा असेल तर, दुसरा खड्डा करून देणं हा कोणत्याही केंद्रापेक्षा स्वस्त उपाय आहे. असे जितके जास्त खड्डे, तितकं केंद्र लहान.

पाहणीत दर गावात दहा-बारा टाक्यांतला गाळ प्रत्यक्ष मोजा. साधन साधं आहे. सरळ बांबूच्या खालच्या भागाला पांढरं जुनं कापड घट्ट गुंडाळायचं, बांबू टाकीच्या तळापर्यंत सावकाश उतरवायचा, दोन-तीन मिनिटं तसाच धरायचा आणि हळूच वर घ्यायचा. कापडाच्या खालच्या भागावर काळा, घट्ट चिकटलेला पट्टा येतो, तेवढा गाळ. त्याच्या वरचा भाग नुसता मळकट ओला दिसतो, ते पाणी. गाळ आणि वरची साय मिळून टाकीतल्या द्रवाच्या खोलीचा एक तृतीयांश भाग झाला की उपशाची वेळ आली. मोजताना झाकण आधी उघडून ठेवा, तोंड टाकीवर धरू नका, जवळ विडी-सिगारेट नको. टाकीत मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड साठलेलं असतं.

मग गाडीवाल्यांशी बोला

तुमच्या भागात गाड्या किती फिरतात, एका गाडीच्या दिवसाला किती खेपा होतात, डिझेल किती जातं आणि मैला कुठे सोडतात हे फक्त गाडीवाल्यांनाच माहीत असतं. पोलीस कारवाईची भीती असली तर ते काही सांगणार नाहीत. पंचायतीने त्यांना सन्मानाने बोलवावं आणि केंद्राच्या कामात भागीदार म्हणून बसवावं. ते रात्री का जातात, कोणत्या सडकेवर अडतात, पावसाळ्यात गाडी कुठे फसते, ही माहिती नियोजनात थेट कामी येते. गाडी दिवसभर गावात आणि संध्याकाळी केंद्राला कुलूप, असं झालं की नाला परत सुरू. केंद्राची वेळ त्यांच्याशी बोलून ठरवा.

कोणता मार्ग निवडायचा

जवळ मोठं सांडपाणी प्रक्रिया केंद्र असेल तर पहिला विचार त्याचा. नागपूर महापालिकेचं भांडेवाडीचं केंद्र मोठं आहे, तिथलं शुद्ध केलेलं पाणी कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांना जातं. शहराला लागून असलेल्या नागपूर ग्रामीण आणि कामठी तालुक्यातल्या पंचायतींनी महापालिकेकडे लेखी प्रस्ताव द्यावा: दिवसाला किती गाड्या, किती लिटर, कोणत्या वेळी. सेप्टिक टाकीतला मैला साध्या सांडपाण्यापेक्षा दहा ते शंभर पट दाट असतो. म्हणून गाडी थेट इनलेटमध्ये, म्हणजे सांडपाणी केंद्रात शिरतं तिथे, ओतू नये. जाळीतून गाळून वेगळ्या टाकीत घ्यावा आणि तिथून थोडा थोडा सोडावा. एखाद्या फ्लॅट स्कीमच्या छोट्या प्रक्रिया केंद्रात मात्र गाडी कधीच रिकामी करू नका. त्यातले जिवाणू एका दिवसात मरतात आणि केंद्र कित्येक दिवस बसतं.

दूरच्या तालुक्यांत, केंद्र उभं राहीपर्यंत, खोल चराची पद्धत वापरता येते. साधारण दोन फूट रुंद आणि तीन-चार फूट खोल चर खणायचा, मैला जमिनीच्या एक फूट खालपर्यंत भरायचा, वर माती टाकायची आणि त्यावर बांबू किंवा सागासारखी झाडं लावायची. ही तात्पुरती सोय आहे. भूजल चराच्या तळापासून किमान दोन मीटर खाली असायला हवं, जवळ विहीर-बोअर नको, आणि पावसाळ्यात चर पूर्ण बंद.

कायमचा उपाय म्हणजे मैला प्रक्रिया केंद्र. महाराष्ट्रात वाई आणि सिन्नर या दोन लहान शहरांनी हे करून दाखवलं आहे. दोन्हीकडे प्रत्येकी दिवसाला ७० हजार लिटर क्षमतेचं केंद्र आहे आणि २०१८ पासून घरमालकाच्या फोनची वाट न पाहता दर तीन वर्षांनी प्रत्येक टाकी ठरल्या वेळी उपसण्याची पद्धत सुरू झाली. आपल्या गटांना एवढं मोठं केंद्र लागणार नाही.

जागा

केंद्रं सर्वांत जास्त अडकतात ती इथे, म्हणून थोडं सविस्तर.

पहिलं, सातबारा नीट वाचा. ई-क्लास, म्हणजे सरकारी चराईची जमीन मोकळी दिसते आणि सगळ्यांची नजर तिथेच जाते. पण पूर्व विदर्भात कित्येक गटांवर "झुडपी जंगल" असा शेरा आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये झुडपी जंगल ही वनजमीनच असल्याचं स्पष्ट केलं आहे. अशा जागेवर वन विभागाच्या मंजुरीशिवाय बांधकाम सुरू केलं तर काम थांबणार आणि निधी परत जाणार. रामटेक-पारशिवनीकडे पेंच व्याघ्र प्रकल्प, उमरेड-भिवापूर-कुहीकडे उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य यांच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राची हद्दही तपासा.

दुसरं, माती. जिल्ह्याच्या पश्चिमेला, काटोल-कळमेश्वर-हिंगण्याकडे, काळ्या कसदार मातीखाली बेसाल्टचा खडक आहे. काळी माती पाणी सोडत नाही. उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात तीच माती फुगते आणि बांधकामाला तडे देते. गाळ सुकवण्याच्या वाफ्यांचा पाया अशा जमिनीवर घालायचा तर काळी माती काढून मुरमाची भर टाकावी लागते, तो खर्च आधीच अंदाजपत्रकात धरा. खाली मुरूम-खडक वर आला असेल तर उलटी अडचण. भेगाळ खडकातून घाण पाणी न गाळता थेट भूजलात उतरतं.

जागा नक्की करण्याआधी जेसीबीने तीन मीटरचा खड्डा घ्या. कडेचे थर बघा, फोटो काढा. मग बाजूला हाताने फूटभर खोल लहान खड्डा करून संध्याकाळी त्यात पाणी भरा. सकाळी पाणी जवळपास तेवढंच असेल तर तिथे शोषखड्ड्याची कल्पना सोडून द्या, शुद्ध केलेलं पाणी झाडांना देण्याचं नियोजन करा. पाणी तासाभरात गायब झालं तर तळ आणि भिंती जास्त काळजीने पक्क्या करा. जवळच्या विहिरींची पातळी दिवाळीच्या सुमारास मोजा. मे महिन्यातल्या कोरड्या विहिरी बघून दिलेला निर्णय पावसाळ्यात अंगावर येतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे निरीक्षण विहिरींच्या जुन्या नोंदी असतात, त्या मागवा. मातीसाठी अमरावती रोडवर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेचं मुख्यालयच आहे.

तिसरं, रस्ता. भरलेली गाडी जुलैत पांदण रस्त्यावर गेली की फसलीच, आणि चालक तिथेच व्हॉल्व्ह उघडेल. बारमाही सडक नसेल तर जागा कितीही चांगली असली तरी सोडा.

चौथं, शेजारचे कास्तकार. ग्रामसभेच्या आधी त्यांच्या धुऱ्यावर जाऊन बोला. त्यांची शंका वासाची आणि विहिरीची असते, आणि ती रास्त आहे.

केंद्र किती मोठं

एक उदाहरण घेऊ. गटात २,४०० टाक्या आहेत आणि प्रत्येक टाकी तीन वर्षांनी एकदा उपसायची. म्हणजे वर्षाला ८०० टाक्या. पावसाळा सोडून कामाचे २४० दिवस धरले तर दिवसाला तीन ते चार टाक्या. एका टाकीतून सरासरी ३,००० लिटर निघाले तर दिवसाला साधारण १०,००० लिटर. केंद्राची क्षमता एवढीच हवी. एक गाडी दिवसाला तीन-चार खेपा करते, तेव्हा गाडीही एकच पुरते, मात्र बिघाडाच्या दिवसासाठी दुसऱ्या गाडीशी करार ठेवा.

आता सुकवायचे वाफे. मैल्याचा थर २० सेंटिमीटरचा टाकायचा. १०,००० लिटर म्हणजे १० घनमीटर, त्याला १० मीटर बाय ५ मीटरचा एक वाफा लागतो. ऊन असताना थर सुकायला आणि खरवडून काढायला मिळून १५ दिवस धरा. रोज एक वाफा भरत गेला तर पहिला रिकामा होईपर्यंत १५ वाफे लागतील: ७५० चौरस मीटर, म्हणजे साडेसात गुंठे. आधी एका टाकीत मैला निवळू दिला आणि वरचं पाणी काढून घेतलं तर दाट गाळ निम्म्यावर येतो आणि वाफेही निम्मे पुरतात. निवळणीची टाकी बांधायला पैसे लागतात, पण जागा वाचते. जमीन मुबलक असेल तर साधे जास्त वाफे करा, ते बिघडत नाहीत. वाफे, पाण्याची प्रक्रिया, गाडी वळवायची जागा, गाळ साठवायची शेड आणि झाडांचा पट्टा मिळून एक एकर जागा हाताशी ठेवा.

अंदाज बांधताना "तीन हजार लिटर" हा आकडा माझ्या उदाहरणातला आहे. तुमच्या पाहणीत टाक्या मोठ्या निघाल्या तर हिशेब नव्याने मांडा.

केंद्रात काय काय असतं

गाडी येते ती पक्क्या, उतार दिलेल्या ओट्यावर. पाइप जोडून मैला आधी जाळीवर सोडायचा. या जाळीवर सॅनिटरी पॅड, चिंध्या, खर्ऱ्याच्या पन्न्या असं सगळं अडकतं. जाळी रोज साफ व्हायला हवी, आणि ती लांब दांड्याच्या पंज्याने उभ्या-उभ्या साफ करता येईल अशी बसवा.

वाफ्याचा तळ काँक्रीटचा, एका बाजूला उतार, त्यावर मोठी गिट्टी, मग बारीक गिट्टी, सर्वांत वर वाळू. पाणी खाली झिरपतं, गाळ वर राहतो. झिरपलेलं पाणी दिसायला पातळ असलं तरी स्वच्छ नसतं. ते फिल्टर टाकीतून आणि नंतर गिट्टीत लावलेल्या पाणवनस्पतींच्या वाफ्यातून न्यायचं. नागपूरच्याच नीरी संस्थेने विकसित केलेली फायटोरिड पद्धत याच प्रकारची आहे, तिला वीज फारशी लागत नाही.

विजेवर चालणारी यंत्रं शक्य तितकी टाळा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. हे ऊन फुकट आहे, ते वापरा.

पावसाचं मात्र वेगळं. निम्म्या वाफ्यांवर पारदर्शक पत्र्याचं, बाजूंनी उघडं छप्पर घाला. ठरलेले उपसे पाऊस ओसरला की सुरू करून मृग लागायच्या आत संपवा. पावसाळ्यात टाक्या तुंबतातच, त्या तातडीच्या खेपांसाठी छपराखालचे वाफे आणि एक झाकलेली साठवण टाकी राखून ठेवा.

माणसाला टाकीत उतरवायचं नाही

केंद्राच्या प्रत्येक करारात ही अट पहिली लिहा. हाताने मैला साफ करण्याला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार सुरक्षा साधनांशिवाय कुणालाही गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणं हा गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. असा मृत्यू झाला तर कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ठरवलं. आकडे सोडा, पण एक जण आत कोसळतो, दुसरा त्याला काढायला उतरतो आणि दोघंही जातात, असं वारंवार घडतं. तळाचा गाळ घट्ट झाला असेल तर वरून पाण्याचा फवारा मारून, बांबूने ढवळून पुन्हा ओढायचा. थोडा राहिला तरी चालतो, टाकी परत कामाला लागायला तो मदतच करतो.

गाडीवरच्या माणसांना गमबूट, कोपरापर्यंत हातमोजे, मास्क द्या. धनुर्वात, कावीळ-ब आणि टायफॉइडची लस द्या. केंद्रावर त्यांच्यासाठी न्हाणीघर आणि साबण हवा. वाफ्यांवर खर्च करणाऱ्या योजनेत एक न्हाणीघर बसत नाही, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

पैसा

बांधकामासाठी स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात मैला व्यवस्थापनाला माणशी २३० रुपयांपर्यंत तरतूद ठेवली होती. १५ व्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) निधीतही ६० टक्के भाग बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच होता, त्यातला निम्मा स्वच्छतेसाठी. चालू वर्षात कोणत्या योजनेचं दार उघडं आहे ते जिल्हा परिषदेच्या पाणी व स्वच्छता विभागात विचारून घ्या आणि गटातल्या सगळ्या ग्रामसभांचे ठराव एकाच मसुद्याचे करा. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नागपूर प्रादेशिक कार्यालयाची संमती बांधकामाच्या आधी घ्यायची आहे.

बांधकामाचा पैसा एकदा येतो, चालवायचा पैसा दर महिन्याला लागतो. समजा एका खेपेला १,५०० रुपये पडतात. तीन वर्षांतून एकदा म्हणजे वर्षाला ५०० रुपये, महिन्याला घरटी ४२ रुपयांच्या आत. ही रक्कम घरपट्टीसोबत स्वच्छता कर म्हणून घ्या आणि वेगळ्या खात्यात ठेवा. टाकी उपसताना घरमालकाकडून रोख घेऊ नका. रोख घेतली की गरीब घर उपसा पुढे ढकलतं.

गाडीवाल्याचे पैसे केंद्रावर मैला पोचल्यावरच निघतील अशी व्यवस्था करा. चिठ्ठी तीन प्रतींची: एक घरमालकाची सही होऊन त्याच्याकडे, एक चालकाकडे, एक केंद्रावर शिक्का मारून. घर आणि केंद्र या दोन्ही सह्या असलेल्या चिठ्ठीवरच बिल. केंद्रावर रिकामं करण्याचं शुल्क चालकाकडून अजिबात घेऊ नका. शंभर रुपयांचं शुल्क लावलं तरी नाला फुकट आहे हे त्याला आठवतं.

सुकलेला गाळ आणि आसपासच्या विहिरी

सुकलेला गाळ मातीसारखा दिसतो, वास जातो, आणि कास्तकार ट्रॉली घेऊन मागायला येतात. लगेच देऊ नका. जंतांची अंडी सुकलेल्या गाळातही महिनोन्महिने जिवंत राहतात. आपल्या उष्ण हवेत किमान एक वर्ष शेडमध्ये कोरडा साठवा, किंवा ओल्या कचऱ्यासोबत ढीग लावून तापवून खत करा. नंतर प्रयोगशाळेचा अहवाल पाहून संत्रा-मोसंबीच्या आळ्यात मातीत मिसळून द्यायला हरकत नाही, पण पालक, मेथी, कांदा, गाजर यांच्या वावरात नको. ताजा मैला वावरात सोडून घेणाऱ्या कास्तकारांना हेच समजावून सांगावं लागतं. त्यांना खत हवंय, त्यांची गरज खरी आहे.

केंद्र सुरू होण्याआधी आसपासच्या चार-पाच विहिरी आणि बोअर निवडा, एक वरच्या अंगाची आणि बाकी उताराच्या अंगाच्या. दिवाळीच्या सुमारास एकदा आणि मे महिन्यात एकदा पाण्याचे नमुने घेऊन नायट्रेट आणि जिवाणूंची तपासणी करा. केंद्र सुरू झाल्यावर त्याच विहिरी, त्याच महिन्यांत, दरवर्षी. आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, विहीर मालकाला वेगळी प्रत द्या. उताराच्या विहिरीतलं नायट्रेट वाढू लागलं आणि वरच्या विहिरीतलं तसंच राहिलं, तर गळती केंद्रातूनच आहे असं धरून आधी वाफ्यांचे तळ आणि पाइपांचे सांधे तपासा, आणि दुरुस्ती होईपर्यंत त्या विहिरीवरच्या घरांना पिण्याचं पाणी पंचायतीने पोचवा.